पाठ मिटायच्या आधी

सारजाबाई कशालाच भीत नव्हती असं तिच्या गावात, पिशोरात, आजही सांगतात. लोकांचं काय हो, लोक कुणाच्याही आजीच्या हातून वाघ मारून घेतात. पण सारजाबाईचं खरं होतं. धनगराच्या घरची बाई, मेंढरांमागं अर्धं आयुष्य उघड्यावर गेलेलं. रानात लांडग्याची चाहूल लागली की नवरा कंदील शोधत बसायचा आणि ही काठी घेऊन पुढं निघालेली असायची. मेंढी अडली तर हात घालून कोकरू बाहेर काढायची आणि हात धुऊन भाकरी खायला बसायची. नवरा तापानं गेला तेव्हा पोरगा हनुमान तिच्या कमरेएवढा होता. भाऊबंद म्हणाले, मेंढरं वीक आणि घरी बस. तिनं भाऊबंदांना अशा काही शिव्या घातल्या की पुढं कैक वर्षं तिच्या दारात सल्ला द्यायला कुणी फिरकलं नाही.

आता अशी बाई एका प्लास्टिकच्या पाइपाला भ्याली म्हणून सांगितलं तर तुम्ही हसाल. हसा. पण पुरतं ऐकून मग हसा.

दोन हजार बाराच्या दुष्काळात मेंढरं गेली. चारा नाही, पाणी नाही. काही मेली, जगली ती विकली, आणि मायलेक औरंगाबादला आले. पाट्यांवर तेव्हा तेच नाव होतं, बोलताना कैक जण संभाजीनगर म्हणायचे. पुंडलिकनगरच्या मागच्या अंगाला, कालपरवापर्यंत जिथं ज्वारी उभी राहायची तिथं प्लॉट पडले होते, आणि एका अर्धवट बांधकामाच्या कडेला त्यांना पत्र्याच्या दोन खोल्या मिळाल्या. शहर नुसतं फुगत चाललं होतं. घरं वाढत होती, माणसं वाढत होती, वाढत नव्हतं ते नळाचं पाणी. म्हणून हनुमानाला काम मिळालं ते पाण्याच्या टँकरवर. सारजाबाई पुंडलिकनगरातल्या बायकांना गोधड्या शिवून द्यायला लागली. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक पसरायचे आणि कडेकडेनं टाका चालवत आत यायचं.

मग हनुमानाचं लग्न झालं आणि सून आली, सायली. बारावी शिकलेली, बोलायला कमी, कामाला चोख. सारजाबाई तिच्यावर ओरडायची, पण तशी ती सगळ्यांवरच ओरडायची. सून मान खाली घालून ‘व्हय आत्याबाई’ म्हणायची आणि सारजाबाईला वाटायचं, गुणाची पोर आहे, आपलं ऐकते.

पंधरा सालच्या उन्हाळ्यात सायलीला सहावा महिना लागलेला, आणि हनुमान जयंतीच्या दिवशीच चंद्रग्रहण आलं. दुपारी लागणार, दिवेलागणीला सुटणार. गरोदर बाईनं ग्रहणात काय करायचं नाही हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. चिरायचं नाही, शिवायचं नाही, काही मुडपायचं नाही. चिरलं तर लेकराचा ओठ चिरतो आणि मुडपलं तर लेकराचं अंग मुडपतं, असं मानतात. सारजाबाईनं सकाळीच सुनेला दम भरला. विळी उचलून ठेवली, सुईदोरा डब्यात घातला, पदराचीसुद्धा घडी घालायची नाही म्हणून बजावलं, आणि दुपारपासून सायलीला चटईवर सरळ निजवलं. पाय लांब, हात लांब.

आणि नेमका ग्रहणातच वस्तीचा टँकर आला. आठवडाभर तोंड दाखवलं नव्हतं मेल्यानं, तो त्याच वेळी आला. टँकर आला की आमच्याकडं देवापुढं बसलेली बाईसुद्धा उठते. ग्रहणातलं पाणी खरं तर ओतून द्यायची रीत आहे. त्या साली पाणी ओतायची कुणाच्या बापाची छाती होती? बायकांनी ड्रमात तुळशीचं पान टाकलं आणि रीत पाळली म्हणाल्या. झुंबड उडाली. सारजाबाईच्या हातात पाइप आला, एक ड्रम भरला, आणि दुसऱ्यापर्यंत पाइप न्यायचा तर पाणी मधल्या मधे मातीत जायला लागलं. अशा वेळी पाइप मुडपून धरतात. पण तिचा एक हात ड्रमाला आणि एक हात शेजारणीला ढकलायला, तिसरा हात आणायचा कुठून? पाणी वाया चाललेलं बघून तिचं डोकं फिरलं. तिनं सुनेला हाक मारली, बाहेर ये आणि पाइप मुडपून धर.

सायली दारात येऊन थबकली. सासूनं डोळे वटारले. मग ती पुढं झाली, दोन्ही हातांनी पाइप मुडपला आणि जोर पुरेना म्हणून तसाच पोटाशी दाबून धरला. दुसरा ड्रमही भरला. ग्रहण अजून सुटलेलं नव्हतं.

लेकरू झालं ते पावसाळ्यात, म्हणजे पाऊस न आलेल्या पावसाळ्यात. मुलगी होती, नाकीडोळी थेट सायली. पण तिची पाठ मिटलेली नव्हती. मानेच्या खालपासून कमरेपर्यंत उघडी, गोधडीच्या कडेचा टाका घालायचा राहून जावा तशी. आईला दाखवायचं कुणाला धाडस होईना, म्हणून नर्सबाईंनी फडक्यात गुंडाळून आधी सारजाबाईच्या हातात दिली. संध्याकाळपर्यंत ती श्वास घेत होती. तेवढा वेळ सारजाबाईनं तिला हातावरच धरलं, खाली ठेवलं नाही. आयुष्यात कसली कसली कोकरं तिच्या हातात आली होती, पण तिनं कधी नजर वळवली नव्हती. त्या दिवशी वळवली, कारण तिच्या डोळ्यापुढं तो पोटाशी दाबलेला पाइप येत होता.

चार दिवसांनी पिशोरहून सारजाबाईची नणंद आली, वच्छलाबाई. अख्ख्या भावकीत बातम्या फिरायच्या त्या हिच्या तोंडून. आल्या आल्या तिनं विचारलं, ग्रहणात काय केलं हिनं? शेजारणी टपलेल्याच होत्या. एक म्हणाली, पाइप मुडपताना आम्ही डोळ्यांनी बघितली. बोलावलं कुणी ते त्या गलक्यात कुणाला ऐकू गेलं नव्हतं. झालं, वच्छलाबाईनं कपाळावर हात मारून घेतला आणि ओल्या बाळंतिणीला स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की शिकलेल्या पोरींना रीतभात नको असते, हिनं आपलं लेकरू आपणच खाल्लं. सायलीनं मान वर करून सासूकडं बघितलं. सारजाबाई पाण्याचा तांब्या उचलून आतल्या खोलीत गेली.

बघा, लांडग्याच्या तोंडावर जाणारी बाई, पण ‘मी बोलावली होती’ हे तीन शब्द तिच्यानं बोलवले नाहीत. वच्छलाबाईला ती भीत नव्हती. पण एकदा तोंडानं म्हटलं की ते खरं होणार, नात आपल्या हातून गेली हे खरं होणार, या विचारानंच ती दर वेळी उठून दुसऱ्या कामाला लागायची. उद्या सांगू म्हणता म्हणता वच्छलाबाई पिशोरला निघून गेली, आणि बातमी तिच्याबरोबर गेली.

बाळंतपण झालेल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सायलीला बारीक पिवळ्या गोळ्या दिल्या होत्या. पुढच्या खेपेला दिवस राहायच्या आधीपासूनच घ्यायच्या, रोज एक, विसरायचं नाही. दिवाळीच्या सुमाराला सायलीनं त्या सुरू केल्या आणि सारजाबाईनं पट्टी काढून घेतली. इथं तिची मेंढरांची अक्कल आडवी आली. दुष्काळात खुराक घालायचा तो गाभण मेंढीला. रिकाम्या मेंढीला सरकी चारील तो मेंढका खुळाच, आणि पुढं गाभण मेंढ्या उपाशी मारील ते वेगळंच. तिनं सुनेला सांगितलं की पोटात काही नाही तोवर औषध कशाला वाया घालवतेस, दिवस गेले की घे, लेकराच्या अंगी लागेल. गोळ्या तिनं देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी नीट ठेवून दिल्या. सायली म्हणाली, ‘व्हय आत्याबाई.’

सोळा सालचा उन्हाळा तर विचारू नका. हर्सूलचा तलाव भेगाळून पडला होता, हनुमान टँकरवर जेवायचा आणि टँकरवरच झोपायचा. त्या उन्हाळ्यात सायलीला पुन्हा दिवस गेले. दोन महिने उलटल्यावर तिनं घरात सांगितलं. सारजाबाईनं देव्हाऱ्यातली पट्टी काढली, देवाला दाखवली आणि सुनेच्या हातात दिली. मग तिची भीती सुरू झाली. भटजींकडं जाऊन तिनं पंचांगातली ग्रहणं विचारून घेतली. घरातला पाइप भंगारवाल्याला देऊन टाकला आणि कंबर मोडेपर्यंत बादलीनं पाणी भरायला लागली. ग्रहण नसतानाही घरात एक घडी राहू देईना. लुगडी दोरीवर लांब, चटया जमिनीवर लांब, शिवलेल्या गोधड्या खाटेवर पसरलेल्या. हनुमान म्हणाला, आई, हे घर आहे का वाळवण? तिनं त्याला असा काही झापला की तो पुन्हा त्यावर बोलला नाही.

तिसऱ्या महिन्यात ती स्वतः सुनेला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई त्याच होत्या. त्यांनी मागचं सगळं विचारलं आणि मग म्हणाल्या, “गोळ्या दिवस राहायच्या आधीपासून चालू होत्या ना?”

“व्हय,” सायली म्हणाली.

सारजाबाईनं चमकून सुनेकडं बघितलं. सून भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या चित्राकडं बघत होती. खोटं कशाला बोलली ही? सारजाबाईनं बाईंना विचारलं की आधी आणि मागून यात एवढं काय आहे, गोळी ती गोळीच. बाई वैतागल्या नाहीत, बाहेर एवढी रांग असून वैतागल्या नाहीत. त्यांनी तपासायच्या टेबलावरच्या चादरीचं टोक तीन पदरी करून पसरलं आणि सांगायला लागल्या.

सुरुवातीला लेकरू असं असतं, सपाट. ना डोकं, ना पाय. थापलेल्या भाकरीसारखं, पण तीन थरांचं. वरच्या थरातून कातडी होते, आणि मेंदू आणि पाठीच्या कण्यातली दोरीसुद्धा. मधल्यातून हाडं, मांस, रक्त. खालच्यातून आतडी. त्या सपाट अंगावर एका टोकाकडून मधोमध एक रेघ उमटते, आणि त्या रेघेवरून ठरतं की डोकं कुठल्या टोकाला, बूड कुठल्या टोकाला, डावं कुठलं आणि उजवं कुठलं. रोज गोधडीचे थर हाताळणाऱ्या सारजाबाईला इथवर सगळं कळलं.

“आणि मग ते मुडपायला लागतं,” बाई म्हणाल्या.

त्या शब्दासरशी सारजाबाई खुर्चीत ताठ झाली. बाई चादर मुडपून दाखवत होत्या. पाठीवर मधोमध पन्हळ पडते. पन्हळीच्या दोन्ही कडा वर उचलतात, एकमेकींकडं झुकतात आणि मिळतात. आधी मधे मिळतात, मग मिटत मिटत एकीकडं डोक्यापर्यंत आणि दुसरीकडं कमरेखालपर्यंत जातात, आणि त्याची नळी होते. तोच मेंदू आणि तीच पाठीतली दोरी. त्याच दिवसांत दोन्ही कुशी खाली वळून पोटाकडं मिळतात, उघडं राहतं ते बेंबीपुरतं. काळीज तर आधी डोक्याच्याही पुढं असतं. डोकं वाकतं तेव्हा ते खाली सरकून छातीच्या जागी येतं. हे असं मुडपलं नाही तर माणूस होतच नाही, भाकरीची भाकरीच राहते. आणि हे सगळं केव्हा? पाळी चुकून पंधरवडा होतो न होतो तोवर. लेकरू तेव्हा ज्वारीच्या दाण्याएवढं असतं आणि बाईला दिवस गेल्याचा धड पत्ताही नसतो. कधी कधी त्या दोन कडा मिळत नाहीत. वर राहिल्या तर डोकं उघडं, खाली राहिल्या तर पाठ. का राहतात हे दर वेळी सांगता येत नाही. आधीपासून गोळी घेतली तर धोका पुष्कळ कमी होतो. मागून घेतलेली गोळी राहून गेलेल्या कडा मिळवू शकत नाही.

सारजाबाईनं चादरीची घडी हातानं सरळ केली. मग विचारलं, “आन् सहाव्या महिन्यात, ग्रहणात, बाईनं काय मुडपलं तर?”

“काही होत नाही, आजी. तोवर पाठ मिटायची ती मिटलेली असते आणि राहायची ती राहिलेली असते.”

वर्षभर छातीवर ठेवलेला धोंडा कुणी उचलावा तसं तिला झालं. पाइपानं नाही गेली नात. पण ते सुख तिला खुर्चीतून उठेपर्यंतसुद्धा पुरलं नाही. तिच्या डोळ्यापुढं खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवलेली ती पट्टी आली. गोळ्या आपण ठेवून दिल्या. दिवस गेल्याचं कळल्यावर काढून दिल्या, आणि ज्वारीच्या दाण्याएवढ्या त्या जिवाची पाठ मिटायची वेळ तोवर होऊन गेली होती. मागच्या खेपेला उगाच भ्यालो, या खेपेला खरंच केलं. आणि ही पोर आपल्यावर पांघरूण घालायला डॉक्टरापुढं खोटं बोलली.

पुढचे दोन महिने सारजाबाई कशी जगली ते तिचं तिलाच ठाऊक. पाठ नीट दिसेल असा फोटो पाचव्या महिन्यात निघेल असं बाईंनी सांगितलं होतं. तोवर करण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच तिला सहन होईना. लांडगा आला तर काठी घेऊन धावता येतं. इथं धावायचं कुठं? आत जे व्हायचं ते होऊन गेलेलं, आणि बाहेरून पोट दिवसेंदिवस वाढतंय. शहराला लागून असलेल्या साताऱ्याच्या खंडोबाला ती अनवाणी जाऊन आली आणि काय मागायचं तेच तिला सुचेना. झालेलं परत मागता येतं का देवाकडं? गल्लीतली पोरं उघडीनागडी खेळायची, त्यांच्या पाठीच ती बघत बसायची. गोधडीच्या कडा जुळवताना हात थांबायचा. जेवण जाईना. सुनेवर ओरडणं पार बंद झालं. उलट ताट वाढून द्यायची, पाय चेपू का विचारायची, आणि सायली घाबरून पाय आखडून घ्यायची. सासूचं हे गोड वागणं तिला ओरडण्यापेक्षा भयंकर वाटत असावं.

पोळ्याच्या आठवड्यात दोघी फोटो काढायला गेल्या. सायलीला आत घेतलं, सारजाबाई बाहेर बाकावर बसली. दार बंद झालं आणि ती भ्याली, लहान पोर अंधारात भितं तशी सरळ साधी भ्याली. उठून घरी पळून जावं असं तिला वाटलं. मग दार उघडलं आणि बाईंनी तिला आत बोलावलं. काळ्या पडद्यावर काहीतरी पांढुरकं हलत होतं. बाईंनी बोट ठेवून दाखवलं. मण्यांची ओळ होती, वरपासून खालपर्यंत, मधे कुठं तुटलेली नाही.

“पाठ पूर्ण मिटलेली आहे. डोकंही चांगलं आहे,” बाई म्हणाल्या.

सारजाबाई तिथंच फरशीवर बसली. नर्सबाईंनी धरून तिला बाहेर आणलं, बाकावर बसवलं, पाणी दिलं. थोड्या वेळानं सायली येऊन शेजारी बसली. सारजाबाई रडत होती आणि तिला ते लपवावंसंही वाटत नव्हतं.

“पोरी, त्या दिशी माझ्यापायी तू खोटं बोललीस,” ती म्हणाली. “गोळ्या मी ठिवून दिल्या व्हत्या. देवानंच तारलं.”

सायली पर्सची चेन उघडझाप करत होती. ती थांबली.

“म्या खोटं नाय बोलले, आत्याबाई. वस्तीत औषधं वाटाया येत्यात त्या आशाताईकडनं दुसऱ्या आणल्या व्हत्या. दिवाळीपासनं रोज घेत व्हते. यांना म्हाईत व्हतं. पट्टी यांच्या टँकरमधी राहायची.”

म्हणजे हनुमानालाही ठाऊक होतं. दिवाळीपासून दोघं नवरा-बायको तिच्या घरात, तिच्या नाकाखाली, गोळी चोरून देत-घेत होते.

“मला सांगायचं नाय व्हय गं?”

सायलीनं पर्सची चेन लावली. बोलली तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यानंच सारजाबाईला जास्त लागलं.

“पाइप मुडपायला तुम्ही हाक मारली व्हती. पिशोरच्या आत्या म्हणल्या, हिनं लेकरू खाल्लं. म्या तुमच्याकडं बघितलं, आन् तुम्ही तांब्या घिऊन आत गेलात. तवाच ठरवलं, पुन्यांदा लेकरू राहिलं तर तुम्हाला इचारून काय बी करायचं नाय.”

पाइपानं काही झालं नव्हतं, हे आता दोघींनाही माहीत होतं. पण तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हा सारजाबाईनं ते खरं मानलं होतं, आणि मानूनही ते सुनेच्या अंगावर जाऊ दिलं होतं. भावकीत वर्षाच्या वर ही पोर लेकरू खाणारी म्हणून फिरत होती, आणि घरात सासूला ‘व्हय आत्याबाई’ म्हणत होती.

“वच्छलाबाईला फोन लाव,” सारजाबाई म्हणाली.

सायलीनं तिच्याकडं बघितलं, नंबर लावला आणि मोबाइल तिच्या हातात दिला. पलीकडून वच्छलाबाईचा आवाज आला. तिनं मोबाइल कानाशी दाबला आणि खालच्या आवाजात, घाईघाईनं सांगितलं की त्या ग्रहणात सायलीला पाइप मुडपायला मी बोलावली होती, ती आपल्या मनानं आली नव्हती. पलीकडं वच्छलाबाई म्हणाली, काय म्हणतेस, मला नीट ऐकू येईना.

सायलीनं हात पुढं करून स्पीकरचं बटण दाबलं.

“आता बोला, आत्याबाई,” ती म्हणाली. “मोठ्यानं बोला.”

बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या. सारजाबाईनं मोबाइल तोंडापुढं धरला आणि सगळं पहिल्यापासून परत सांगितलं.